संत्र्याचा रंग, हळदीची कॅप्सूल आणि आपले लिव्हर

धंतोलीतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरबाहेर थोडा वेळ थांबा, 'फॅटी लिव्हर' हा शब्द कानावर पडेलच. दारूला हात न लावणाऱ्या आपल्या घरांतही हा रिपोर्ट येतो आणि लोक गोंधळतात. कारण सोपे आहे. वाढलेले पोट, शुगर, गोड शरबते, तळलेले पदार्थ आणि बसून काम. शरीर वापरू न शकलेल्या साखरेची चरबी करून यकृत ती स्वतःतच साठवते.

मग खायचे काय? उत्तराचा एक भाग नागपूरकरांच्या हाताशीच आहे. संत्र्याला केशरी रंग देणाऱ्या द्रव्यांपैकी एक म्हणजे बीटा-क्रिप्टोझॅन्थिन. जपानमधील मिक्काबी हा असाच संत्र्यांचा भाग. तिथल्या हजारावर रहिवाशांची 2003 पासून अनेक वर्षे पाहणी झाली. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त, त्यांच्यात यकृताचे एएलटी वाढण्याचे आणि मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. संत्र्यामुळेच हे घडले, असे यातून सिद्ध होत नाही. पण दिशा मात्र दिसते.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि सध्या रमजानही याच सुमारास येतो. इफ्तारला साखर घातलेल्या शरबताऐवजी पाणी, खजूर आणि एक अख्खे संत्रे घ्या. रस काढू नका. रसात तंतू जवळजवळ उरत नाहीत आणि एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर पोटात जाते. शुगर असलेल्यांनी किती खायचे, ते डॉक्टरांना विचारावे.

पालक, गाजर, भोपळा यांतील रंगद्रव्ये तेलात विरघळतात, म्हणून भाजीला थोडी फोडणी हवीच. 'थोडी' म्हणजे वर तरंगणारी तर्री नव्हे!

आता महत्त्वाची गोष्ट. सालनातली हळद चांगली, म्हणून हळदीच्या कॅप्सूल आणखी चांगल्या, असे समजू नका. इटलीत 2019 मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या काहींना यकृताची सूज आणि कावीळ झाली. कॅप्सूलमध्ये अर्क दाट असतो. अनेकींत मिऱ्याचे द्रव्यही घालतात, त्यामुळे तो शरीरात जास्त शोषला जातो. चमचाभर हळद घरभराच्या सालनात वाटली जाते, कॅप्सूल एकट्याच्या पोटात जाते.

रंग ताटात असू द्या, डबीत नको. आणि रिपोर्ट आला असेल तर वजन कमी करणे, रोज चालणे आणि डॉक्टरांची फेरतपासणी, याला कोणतेही फळ पर्याय नाही.