टाटीबंध, मेकाहारा की नागपूर?

नीटचा निकाल लागला की रायपूरच्या मराठी घरांत गुणांपेक्षा रँकचीच चर्चा जास्त होते. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. पण ज्यांची रँक दोन-तीन चांगल्या कॉलेजांपर्यंत पोहोचते, त्यांच्यापुढचा पेच वेगळाच असतो.

अमेरिकेत प्रवेशाची पत्रे एकाहून अधिक कॉलेजांकडून येतात आणि विद्यार्थी वसंतापर्यंत विचार करून एक ठेवतो. आपल्याकडे काउन्सेलिंगच्या एका फेरीत एकच जागा पदरात पडते. म्हणजे खरी निवड जागा मिळण्याआधीच, पसंतीक्रम भरून लॉक करताना होते.

इथेच घरोघरी गफलत होते. ‘आपल्या रँकला एम्स कुठलं मिळायला,’ म्हणून मुलगी ते खाली टाकते आणि हमखास मिळणारे कॉलेज वर. वास्तविक संगणक रँकनुसार एकेकाची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा रिकामी दिसेल ती देतो. वरची कॉलेजे हुकली म्हणून खालच्या कॉलेजवरचा हक्क कमी होत नाही. मनात जो क्रम आहे, तोच भरावा.

नागपूरचे काय? काका-मामा तिथे, गाडीने काही तासांचा प्रवास, १९४७ पासूनचे नावाजलेले मेडिकल. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. रायपुरात शिकलेल्या मुलाला आडनाव मराठी असल्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी तिथल्या सरकारी कॉलेजांत १५ टक्के ऑल इंडिया कोटाच उरतो. नागपूरचे एम्स २०१८ मध्ये सुरू झाले, त्याचे दार मात्र देशभराला सारखेच उघडे आहे.

राहिली शहरातली दोन नावे. टाटीबंधचे एम्स २०१२ चे, पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती मेडिकल कॉलेज १९६३ चे. एम्सची फी नाममात्र, संशोधनाचे वातावरण, देशभरातून आलेली मुले. मेडिकल कॉलेजच्या आंबेडकर रुग्णालयाला सारे शहर ‘मेकाहारा’ म्हणते. तिथे खेड्यापाड्यांतून आलेला रुग्ण छत्तीसगढीत आपले दुखणे सांगतो. सिकलसेलने सांधे धरलेला मुलगा, साप चावलेला शेतकरी, रक्त कमी असलेली गरोदर बाई: हे सारे विद्यार्थ्याला पुस्तकात वाचण्याआधी वॉर्डात भेटते. ही शिदोरी ‘एम्स’ या नावापुढे कमी लेखली जाते आणि तो अन्याय आहे. तरीही दोन्ही कॉलेजे रँकच्या आवाक्यात असतील आणि ओढ संशोधनाची असेल, तर एम्सच वर ठेवावे.

पैशांइतकाच बाँडही पाहायला हवा. राज्याच्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर ठरावीक काळ सरकारी सेवा करावी लागते, नाहीतर दंड भरावा लागतो. महाराष्ट्रात तो काळ एक वर्षाचा आणि दंड १० लाखांचा आहे. हे आकडे राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून चालू वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. शेजारच्या दादाने सांगितलेले जुने नियम धरून बसू नये.

पुढच्या पीजीचा हिशेबही बदलला आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीतले रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्यास मात्र मुभा ठेवली. त्यामुळे एमबीबीएस कुठून केले, याला पूर्वीपेक्षा अधिक वजन येऊ शकते.

आणि एक सावधगिरी. पहिल्या फेरीत प्रवेश घेऊन ‘अपग्रेड’ला होकार दिला आणि पुढच्या फेरीत वरची जागा लागली, तर आधीची जागा आपोआप दुसऱ्याची होते, परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत, हाती असलेल्या कॉलेजपेक्षा खरोखर हवी असलेली कॉलेजेच ठेवावीत.