३६५ आठवडे, दोन रविवार

सात वर्षांचे आठवडे मोजले तर ३६५ भरतात. सह्याद्रीतल्या कारवी या झुडपाच्या नादी लागलेल्या माणसाने हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण तिचं सगळं आयुष्य त्यात मावतं. एका आठवड्याला एक दिवस धरा. म्हणजे कारवीचा जन्म एक जानेवारीचा आणि मरण एकतीस डिसेंबरचं. या वर्षातले ३६२ दिवस ती नुसती हिरवी किंवा वाळकी असते आणि दोन-तीन दिवस निळी-जांभळी. ज्याला सुट्टी फक्त रविवारची, त्याच्या हाती एका उताराचे सात वर्षांत दोन, फार तर तीन रविवार लागतात. त्यातला एखादा धुक्यातच जातो.

बाकीची सहा वर्षं आपण तिच्याकडे पाहतही नाही. येऊरच्या जंगलापासून भीमाशंकर, हरिश्चंद्रगडापर्यंत निसरड्या वाटेवर आधाराला हात टाकला की मुठीत बहुधा कारवीचंच खोड येतं. ते वाळलं की त्याचे कूड विणायचे, वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. घाटातल्या कितीतरी घरांच्या भिंती अशा कारवीच्या आहेत. फुलांमुळे प्रसिद्ध झालेलं हे झुडूप गावकऱ्यांना आधीपासून घरातलंच आहे.

कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. उतारावरची सगळी झुडपं एकाच वयाची असल्यामुळे ती एकदम फुलतात आणि एकदमच जातात. एवढं बी एकाच वेळी पडलं की किडे, उंदीर, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेल्यातून पुढची पिढी उगवते. सात वर्षं थांबून एकदम फुलण्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

पण सगळा सह्याद्री एकाच घड्याळावर चालत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे तिथे अंतर आठ वर्षांचं. दुसऱ्या डोंगराचं साल वेगळं, कधी एकाच डोंगराच्या दोन कुशींचंही वेगळं. म्हणून ट्रेक ठरवताना ‘कारवी कधी फुलते?’ असं विचारून भागत नाही. ‘या उतारावर मागच्या खेपेला कधी फुलली होती?’ असं विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर पायथ्याच्या वाडीतल्या गुराख्याइतकं नेमकं कुणी देत नाही. साल कळलं की महिना सोपा आहे: ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत. एक उतार भरात राहतो तो दोन-तीन आठवडेच.

अशा एका उतारावर मी सकाळी साडेसातला कारवीच्या आत शिरून बसलो होतो. झुडपं माझ्यापेक्षा हातभर उंच. डोळ्यांसमोरच्या एका तुऱ्यावर खालची फुलं गळून गेलेली, मधली उमललेली, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं, घंटेसारखं, आत पांढुरकी लव. आणि आवाज! मधमाश्यांचा असा घुमारा की सोबतचा मित्र दहा पावलांवरून हाका मारत होता, त्या मला ऐकूच आल्या नाहीत.

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. समजा चौरस मीटरला एकच झुडूप आणि एका झुडपावर ३०० फुलं. हा अंदाज माझा, आणि हात आखडूनच धरलेला. तरी एका हेक्टरात ३० लाख फुलं झाली. मधपाळांचा ढोबळ हिशेब असा, की किलोभर मधासाठी माश्यांना चाळीस लाखांच्या आसपास फुलांच्या भेटी घ्याव्या लागतात. म्हणजे त्या अख्ख्या हेक्टरातल्या प्रत्येक फुलाला एकेकदा भेट दिली तरी बरणी पाऊणच भरणार. कारवीचा दाट, काळसर मध हातात आला की मी तो चमच्याने घेतो आणि चमचा चाटून पुसून ठेवतो. आणखी एक: कामकरी माशी भर हंगामात जगते जेमतेम सहा आठवडे. या हिशेबाने दोन फुलोऱ्यांच्या मध्ये माश्यांच्या साठ पिढ्या होऊन जातात. त्या सकाळी घुमणाऱ्या एकाही माशीने मागच्या खेपेची कारवी चाखलेली नव्हती.

फोटोचं गणित तर डोकं गरगरवणारं. सात वर्षांचे सेकंद होतात २२ कोटी ९ लाख. वारा असला की मी शटर १/२५० सेकंदावर ठेवतो. म्हणजे एका फोटोत त्या झुडपाच्या आयुष्याचा साडेपाच हजार कोटींतला एक भाग उतरतो.

कारवीची दक्षिणेतली बहीण नीलकुरिंजी. मुन्नारच्या परिसरात ती १२ वर्षांनी फुलते, म्हणजे ६२६ आठवड्यांनी. तिच्या फुलण्याची नोंद १८३८ पासून आहे. तेव्हापासून २०१८ पर्यंत १८० वर्षं झाली आणि फुलोरे झाले अवघे सोळा. १९४६ साली झुडपं फुलली तेव्हा देशावर इंग्रजांचा अंमल होता. त्यांच्या बियांतून आलेली १९५८ साली फुलली, तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मायचं होतं. आणि २०१८ साली, बारा वर्षं थांबून लोक निघाले त्याच ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, रस्ते वाहून गेले. कितीजणांनी तिकिटं रद्द केली असतील! पुढची खेप २०३०.

तेव्हा हिशेब स्वतःच्या वयाचाही करावा लागतो. विशीपासून बासष्टीपर्यंत गुडघे साथ देतात असं धरलं, तर एका उतारावरची कारवी माणसाला सहा वेळा दिसेल. माझ्या चार होऊन गेल्या आहेत.

म्हणूनच फोटोसाठी झुडपांत घुसून फांद्या मोडणारे, तुरा तोडून केसांत माळणारे दिसले की पोटात तुटतं. गुलाब तोडला तर गुलाबाला पुढल्या महिन्यात कळी येते. इथे तोडलेल्या तुऱ्याबरोबर सात वर्षांचं बी जातं आणि त्या झुडपाला दुसरी खेप नसते. मी तर आता कॅमेरा पाऊलवाटेवरूनच चालवतो. लांब पल्ल्याची लेन्स त्यासाठीच घेतली.

फुलं सरली की गर्दीही सरते. पण त्याच उतारावर पुढल्या जूनमध्ये एकदा जाऊन या. झुडपं वाळून काड्या झालेली असतात, बोंडं तांबूस, कडक. पहिल्या पावसाच्या ओलीने ती तटातट फुटू लागतात, आधी इथे एक, मग तिथे चार, मग सगळा डोंगर लाह्या फुटाव्यात तसा वाजायला लागतो. आणि पंधरा-वीस दिवसांनी मातीत बोटभर उंचीचे कोंब, मोजता येणार नाहीत इतके.