बॅग भरणारं प्रथिन



भारतवारीची बॅग भरणं ही काय कसरत असते, हे इथे अमेरिकेत कुणाला सांगायला नको! २३ किलोत सगळं बसवायचं, शिवाय पोचल्याबरोबर लागणाऱ्या वस्तू वर ठेवायच्या. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला हेच करावं लागतं. सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवायचा! प्रथिनांच्या मदतीने गुंडाळलेल्या या सामानाला क्रोमॅटिन म्हणतात. सैल भागातली जनुकं पेशीला वाचता येतात, घट्ट बांधलेली सहसा गप्प राहतात.

ही बांधाबांध कोण करतं? आपण शाळेत शिकलो की प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते, किल्ली-कुलपासारखी. पण काही प्रथिनांना, किंवा त्यांच्या मोठ्या भागांना, पक्की घडीच नसते. ती सुट्या दोरीसारखी वळवळत राहतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘उपजत विस्कळीत’ प्रथिनं म्हणतात. नाव विस्कळीत, काम मात्र शिस्तीचं! सैल असल्यामुळेच ती एकाच वेळी अनेकांना धरू शकतात.

एमईसीपी-२ हे असंच एक प्रथिन. त्याचा निम्म्याहून अधिक भाग विस्कळीत आहे. मेंदूच्या पेशींत ते भरपूर असतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की ते डीएनएला धरून, पाण्यात तेलाचे थेंब जमावेत तसे पुंजके करतं. रेट सिंड्रोममध्ये आढळणारे बिघाड त्यात घातले, की हे थेंब नीट जमत नाहीत.

रेट सिंड्रोमचं वर्णन व्हिएन्नाच्या डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली केलं. हा आजार मुख्यतः मुलींना होतो. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत मुलगी छान वाढते, आणि मग शिकलेले शब्द विसरू लागते, हातांचा वापर हरवतो. १९९९ साली ह्यूस्टनच्या डॉ. हुडा झोगबी यांच्या गटाने दाखवलं की याचं मूळ एमईसीपी-२च्या जनुकात आहे.

आपल्याकडे अशा वेळी पहिलं बोट आईकडे जातं. गरोदरपणात काय खाल्लंस? ग्रहण पाळलं होतंस ना? मंडळी, हे थांबवू या. हा बदल बहुतेक वेळा नव्यानेच घडलेला असतो. त्यात कुणाचाही दोष नसतो.

आणि आशाही आहे. २००७ साली एडिंबरात डॉ. एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं, आणि मोठे झालेले उंदीरही सुधारले! २०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. ते लक्षणं कमी करतं, मूळ बिघाड दुरुस्त करत नाही. त्यासाठी जनुकोपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. पण हे प्रथिन मिठासारखं आहे, कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. म्हणून वेळ लागतो, आणि पैसाही.

आजच्या कार्यक्रमाचा निधी आपण दुर्मिळ आजारांच्या संशोधनासाठी देत आहोत. आपण सढळ हाताने द्यालच. पण एवढं एक आणखी करा. अशी लेक असलेलं कुटुंब भेटलं, तर ‘असं का झालं?’ विचारू नका. ‘आम्ही काय करू?’ एवढंच विचारा.

आपले,
कार्यकारिणी सदस्य