विद्यापीठ गेट : शहराची ओळख कुणी घडवली?

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे, नागपूरचे १९२३ सालचे, पुण्याचे १९४९ सालचे. आपल्या राज्यातल्या या जुन्या विद्यापीठांना शहरांनी आपली नावे दिली. पुढे नागपूरच्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लागले आणि २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे. तरीही शहरांची नावे सोबत राहिलीच.

औरंगाबादचे मात्र वेगळे आहे. तिथल्या विद्यापीठाच्या नावात शहराचे नाव कधीच नव्हते. खुद्द शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. २०१७ साली तिथे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आले, खासगी विद्यापीठही आले. तरी स्टेशनवर उतरून कुणालाही 'विद्यापीठ गेट' एवढेच म्हणा, 'कोणते विद्यापीठ?' असे कुणी विचारणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि ते शहर एकमेकांना असे चिकटले आहेत. हे कसे घडले, ते आपल्या मुलाबाळांना आपण सांगितले पाहिजे.

हा इतिहास विद्यापीठाच्याही आधीपासून सुरू होतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. उच्च शिक्षणाची सोय नावापुरती आणि गोरगरिबांना तर तीही नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच आपले मिलिंद महाविद्यालय. त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला! शिकायला आलेल्या पोराने आधी प्रश्न विचारायला शिकावे, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

त्या काळी या महाविद्यालयाची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची असे. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी उभे राहिले. उद्‌घाटन पंतप्रधान पंडित नेहरूंनी केले. म्हणजे विद्यापीठ येण्याआधी आठ वर्षे खेड्यापाड्यांतली आपली पोरे वळकटी घेऊन नागसेनवनातल्या वसतिगृहात येऊन राहिली होती. त्यांच्यातूनच लिहिणारे, शिकवणारे आणि लढणारे तयार झाले. मिलिंदमध्ये आणि पुढे विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले आणि दलित साहित्याचे हक्काचे व्यासपीठ झाले.

ज्यांनी मराठवाड्यात शिक्षणाची वाट काढली, त्यांचे नाव विद्यापीठाला द्यावे, एवढीच मागणी होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर काय झाले, ते जुन्या माणसांना विचारा. मराठवाड्यातल्या गावोगावी आपल्या वस्त्या जळाल्या, धान्य जळाले, माणसे रातोरात गाव सोडून निघाली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांचा अमानुष खून झाला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. लाठ्या झाल्या, तुरुंग भरले. १९९३ साली नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षे लागली!

त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाकडे आता छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे आहेत.

घरात पहिल्यांदाच कुणी शिकत असेल, तर एक गोष्ट समजून घ्यावी. रोज शिकवते ते महाविद्यालय. अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते आणि पदवी देते ते विद्यापीठ. म्हणून बीडच्या किंवा अंबडच्या संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या पदवीवरही बाबासाहेबांचेच नाव येते. एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या आवारात स्वतंत्र विभाग आहेत. 'विद्यापीठात शिकणे आपले काम नव्हे' असे म्हणणाऱ्या आईबापांना आम्ही विचारतो, मग ते नाव कुणासाठी मागितले होते?

आता विद्यार्थी सरसकट 'बामू' म्हणतात. तोंडी बोलताना नाव आखूड होणारच, त्यात राग मानू नये. पण ज्या नावासाठी लोकांनी घरदार गमावले, ते नाव पूर्ण कसे लिहायचे आणि का मिळाले, हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, तर दोष त्याचा नाही. घरात कुणी सांगितलेच नाही!

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर हजारो माणसे येतात. लेकरांना खांद्यावर घेऊन कमानीला वंदन करतात. हे झालेच पाहिजे. पण आमचे म्हणणे असे, की वर्षातून आणखी एकदा या. गर्दी नसलेल्या साध्या दिवशी, दहावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन या. कमानीपाशी थांबू नका, आत चला. ग्रंथालय दाखवा, विभाग दाखवा, प्रवेश कसा मिळतो ते कचेरीत विचारा. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तीही पाहा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. कागदासाठी शिष्यवृत्ती अडली आणि शिष्यवृत्तीसाठी शिक्षण अडले, असे आपल्या घरांत फार झाले आहे.

शहराला विद्यापीठाची ओळख इमारतींनी मिळत नाही, ती मिळते आत शिरणाऱ्या माणसांनी. या शहराला ती आपल्या माणसांनी दिली, नाव लागण्याआधीही आणि नावासाठी लढतानाही. यंदा आपल्या घरातून त्या कमानीखालून कोण आत जाणार, हे आजच रात्री जेवताना ठरवा.