जुना टीव्ही, डिजिटल सिग्नल आणि संशोधनाचे दोन धडे



‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ आणि ‘जे मोजायचंय तेच मोजा’ ही दोन वाक्यं संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण सगळेच लिहितो. पण ती हाताला लागतात प्रत्यक्ष काम करताना. घरात पाठीमागून फुगलेला जुना टीव्ही पडून असेल, तर या दोन्ही वाक्यांसाठी त्याच्याइतकी स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. त्यावर दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावायची. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि तिला महिन्याचं भाडं नाही.

आधी अडचण काय ते बघू. जुन्या टीव्हीला ॲनालॉग सिग्नल कळतो, आपल्याकडे पॅल पद्धतीचा. उपग्रहावरून येतात ते दाबून लहान केलेले डिजिटल आकडे. सेट टॉप बॉक्स हा मधला दुभाष्या. तो आकडे उलगडतो आणि त्यांचं पुन्हा पॅल चित्र करून टीव्हीला देतो. म्हणजे साखळी अशी: उपग्रह, डिश, एलएनबी, केबल, बॉक्स, टीव्ही. चित्र आलं नाही तर दोष यातल्या कुठल्याही कडीत असू शकतो.

बरेच जण थेट गच्चीवर जाऊन डिश हलवायला लागतात. तसं करू नका. शेवटच्या कडीपासून सुरुवात करा.

डिश न जोडता फक्त बॉक्स आणि टीव्ही जोडा. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा. टीव्ही एव्ही मोडवर घ्या. टीव्हीला फक्त अँटेनाची जागा असेल, तर बॉक्सचं ‘आरएफ आउट’ वापरा. ते नसेल तर वेगळा आरएफ मॉड्युलेटर लागेल. मग मॉड्युलेटर ज्या चॅनेलवर चित्र सोडतो, तो टीव्हीवर ट्यून करा. बॉक्सचा मेन्यू पडद्यावर दिसला की शेवटच्या दोन कड्या पास! मेन्यू रंगीत टीव्हीवरही काळा-पांढरा दिसला किंवा वरखाली पळायला लागला, तर बॉक्सचं आउटपुट एनटीएससीवर आहे का बघा आणि पॅल करा.

आता गच्ची. बॉक्सचा प्लग काढूनच केबल जोडा, कारण त्याच केबलमधून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. पुण्याहून तो आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३२ अंश, क्षितिजापासून वर साधारण ५९ अंश. डिश मात्र त्याहून बरीच उभी दिसेल. घाबरू नका. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, तिचा ‘डोळा’ तिच्या दिसणाऱ्या तोंडापेक्षा वर बघतो.

खरा धडा इथून पुढे आहे. बॉक्सच्या मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. डिश भलतीकडे बघत असली तरी स्ट्रेंथ भरपूर दिसू शकते. कारण ती पट्टी केबलमधून एकूण किती शक्ती येतेय ते सांगते, आणि त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही येतो, दुसऱ्या उपग्रहाचा सिग्नलही. क्वालिटी सांगते की हव्या त्या सिग्नलचे आकडे किती नीट वाचता येताहेत. तेव्हा डिश क्वालिटी बघून फिरवा. आधी फक्त आडवी, अगदी थोडी थोडी. ती जागा पक्की झाली की मग उभी. दोन्ही एकदम हलवलीत, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

चित्र आलं! पण थांबा. ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. म्हणजे बिघाड हळूहळू आणि दिसेल असा व्हायचा. डिजिटलमध्ये बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो, त्यामुळे चित्र स्वच्छच दिसतं. चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की चौकोन फुटतात आणि पडदा काळा. याला कडा म्हणा. काठावर उभा असलेला सिग्नल आणि काठापासून लांब असलेला सिग्नल, दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं. डिसेंबरात ते कळत नाही. जुलैच्या पावसात कळतं, कारण फ्री डिश ज्या केयू बँडवर येते त्या लहरी पावसात बऱ्याच क्षीण होतात. म्हणून चित्र आलं तरी क्वालिटी जास्तीत जास्त होईपर्यंत डिश सरकवत राहा, आणि मगच नट आवळा. आवळताना ती हलते, तेव्हा आवळल्यावर पुन्हा एकदा आकडा बघा.

तुमच्या विषयात टीव्ही नसेल, पण या दोन पट्ट्या असतीलच. प्रश्नावल्या किती भरून आल्या ही स्ट्रेंथ. त्यातल्या किती उत्तरांवर विसंबता येतं ही क्वालिटी. कोड एकदा चालला हे चित्र. थोडा वेगळा डेटा दिल्यावर तो किती तग धरतो हे काठापासूनचं अंतर. गाईडना निकाल दाखवायला जाण्याआधी वहीत हे अंतर लिहून ठेवा. नाहीतर ते तोंडी परीक्षेत परीक्षक मोजतात, आणि तेव्हा डिश हलवायला वेळ नसतो.