आधी कारण, मग तेल

माका शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर, पाटाच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याशी, जिथे म्हणून ओल टिकते तिथे तो उगवतो. पानं खरखरीत, फुलं पांढरी आणि जेमतेम वाटाण्याएवढी. पान तळहातावर चुरगळलं की रस आधी हिरवा दिसतो आणि हवा लागली की थोड्याच वेळात काळा पडतो. राजापूरजवळच्या गावात राहणारी माझी मावशी माका ओळखायची हीच खूण सांगते. पिवळ्या फुलांचाही एक माका असतो, तो ती तेलाला घेत नाही.

भाद्रपदात, पावसाची झड जरा ओसरली की ती वर्षाचं तेल करते. या खेपेला मी तिच्याबरोबर होते. माका मुळासकट उपटायचा, मुळांची माती विहिरीवर धुऊन काढायची, पाट्यावर वाटायचा आणि जुन्या पंच्यातून पिळायचा. पिळणाऱ्याची बोटं काळी होतात ती साबणानंही लगेच जात नाहीत. दुसरीकडे आवळकाठी, नागरमोथा, जटामांसी आणि ज्येष्ठमध आदल्या रात्री भिजवलेले असतात, त्यांची चटणीसारखी गोळी वाटायची. त्यात जास्वंदीची चार फुलं जातात. तिचं माप वाटीचं: गोळी एक वाटी, खोबरेल चार वाट्या, माक्याचा रस सोळा वाट्या. मला हे तिच्या सासूकडून आलेलं घरगुती माप वाटलं होतं. पण आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेत तेल सिद्ध करायचा नियम नेमका हाच आहे. वाटलेल्या औषधाच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट रस किंवा काढा. ग्रंथ न वाचता तो नियम तिच्या वाटीत उतरलेला आहे.

पसरट लोखंडी कढई, खाली सोडणांचा मंद विस्तव. पहिला बराच वेळ नुसतं पाणी उकळल्याचा आवाज येतो आणि वर हिरवट फेस धरतो. वास ओल्या गवताचा. मावशी पळीनं तळ खरवडत राहते, कारण गोळी खाली बसली की करपते आणि करपली की सगळं तेल वाया. हळूहळू रस आटतो. बुडबुडे मोठे होते ते बारीक होतात, गवताचा वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास सुटतो, तळाची चिखलासारखी गोळी रवाळ होऊ लागते. आता खरी परीक्षा. ती चिमूटभर गोळी उचलते, दोन बोटांत वळते. बोटाला न चिकटता वात वळली पाहिजे. ती वात निखाऱ्यावर टाकायची. चुरचुरली तर आत पाणी आहे, तेल महिनाभरात खवट होणार. गुपचूप जळली तर तेल झालं.

"अगो, आवाज ऐकायचा," ती म्हणाली. "डोळ्यांना ते मघापासून झालेलंच दिसतं."

वात गुपचूप जळली तेव्हा तेलावर पुन्हा फेस आला होता. कढई उतरवायची ती याच घडीला. आणखी राहिली तर गोळी कडक होते, पुढे करपते आणि तेल वाया जातं. कोमट असतानाच गाळून ते काचेच्या बाटल्यांत भरलं. काळसर हिरवं, जड वासाचं.

या कामातली निगुती पाहिली की या तेलाबद्दल कुणी सैल बोललेलं सहन होत नाही. म्हणूनच ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट सांगितलं पाहिजे.

खोबरेल केसासाठी चांगलं, याला पुरावा आहे. २००३ साली मुंबईत झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलानं केसातल्या प्रथिनाची झीज कमी झाली, बाकी दोघांनी फारशी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यानं केसाच्या दांड्यात शिरतं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच झाला होता, हेही लक्षात ठेवावं. तरी मला तो निष्कर्ष पटतो, कारण त्याचा दावा बेताचा आहे. तेल केसाला तुटण्यापासून वाचवतं, इतकंच तो म्हणतो. माक्याच्या अर्काचे उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत, पण माणसांवर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. टाळूबाहेर आलेला केस हा निर्जीव दांडा आहे. तेलाचं राज्य तिथे. गळती ठरते त्वचेखालच्या मुळात, आणि मुळाला बातमी पोचते रक्तातून.

त्या घरात ही बातमी कशी पोचते ते दिसत होतं. मावशीच्या सुनेला बाळंत होऊन चार महिने झाले होते. न्हाणीघराच्या मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता, बाळाच्या दुपट्यावर केस, बाळाच्या मुठीतही केस. भीतीनं तिनं विंचरणंच कमी केलं होतं. त्यामुळे जेव्हा विंचरायची तेव्हा साचलेले सगळे एकदम यायचे आणि ती आणखी घाबरायची. "ताई, अशानं टक्कल पडेल ना मला?" हे तिनं मला स्वयंपाकघरात, कुणी ऐकणार नाही अशा बेतानं विचारलं.

मी तिला गळलेला एक केस उजेडात धरायला सांगितला. एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका होता. ठिपका असला तर केस मुळातून आपणहून सुटला आहे. नसला तर तो मध्येच तुटला आहे, आणि तुटण्याची कारणं वेगळी: ओल्या केसांत फणी, गरम हवेचं यंत्र, घट्ट रबर, रसायनं. तेलाचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रकाराला. घरच्या घरी करता येणारी ही सर्वांत सोपी तपासणी, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, मग तीनेक महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी सुटतो. एरवी दहातले नऊ केस वाढीत असतात, थोडे विश्रांतीत. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हा हिशोबाचाच भाग आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे वाढीतले केस वाढीतच राहतात, वेणी दाट होते. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम विश्रांतीला जातात आणि तीन-चार महिन्यांनी एकदम सुटतात. माडाची वाळकी झावळ पडते तेव्हा शेंड्याला नवी उमललेली असते, तसं इथे खालून नवा केस निघालेला असतो. सुनेच्या कपाळाच्या रेषेवर बोटाच्या पेराएवढे आखूड, उभे केस दिसत होते. ते आरशात दाखवल्यावर ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

मोठा ताप, डेंगी, टायफॉइड, शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवणारा आहार, घरातला मृत्यू, या सगळ्यांनंतर हेच घडतं, आणि तेही दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात माणूस घटना विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूवर किंवा विहिरीच्या पाण्यावर जातो. गळती आपणहून थांबायच्या बेताला असताना एखादं तेल सुरू होतं आणि श्रेय तेलाला मिळतं. बाजारातल्या कितीतरी बाटल्या या श्रेयावर चालतात.

पण सुनेच्या बाबतीत एवढ्यावर थांबणं बरोबर झालं नसतं. ती जिना चढताना धापत होती, पापणीची आतली बाजू फिकी होती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. शरीरात लोह कमी पडलं की ते आधी जीव टिकवणाऱ्या कामाला जातं, केसाचा नंबर शेवटी. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा असू शकतो, म्हणून डॉक्टरांशी बोलून तीही तपासणी करावी. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचं थायरॉइडही बिघडतं. सुनेचं लोह कमीच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि जेवणाला जोडून चहा घ्यायची घराची सवय मावशीनं स्वतः मोडली, कारण चहा लोह शोषू देत नाही. पानात लिंबाची फोड आली. अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी होतेच. डाळ, अंडी, मासे यांचं प्रमाण वाढलं. केस प्रथिनाचा बनतो. उपासतापास करून आणि भात-पिठल्यावर भागवून तो कुठून येणार?

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. खरी कमतरता क्वचितच असते, आणि मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

तिचा नवरा, म्हणजे माझा मावसभाऊ, रोज कांद्याचा रस चोळत होता. त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते आणि टाळूच्या मध्यावर विरळपणा आला होता. हे दुखणं वेगळं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं आणि आनुवंशिकतेनं ज्या मुळांना ते सोसत नाही, ती मुळं दर फेरीला बारीक होत जातात. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिलं, की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. बायकांत याच तऱ्हेच्या गळतीत कपाळाची रेषा टिकते आणि भांग रुंदावत जातो.

कांद्याच्या रसामागे जो अभ्यास सांगितला जातो तो २००२ सालचा, बगदादच्या डॉक्टरांचा, ३८ रुग्णांवरचा. त्या रुग्णांना चाई पडली होती. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उलटते, नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, आणि छोटी चाई पुष्कळदा आपणहूनही भरून येते. कीड केस खाते ही समजूत खरी नाही, तेव्हा पोरांच्या डोक्यावर तो चट्टा रक्त येईतो घासू नये. भावाच्या टकलाशी या अभ्यासाचा काही संबंध नव्हता. टाळूची आग मात्र झाली होती. रोझमेरीच्या तेलाची एक इराणी चाचणी २०१५ साली झाली, १०० जणांवर, सहा महिने, आणि ते दोन टक्के मिनॉक्सिडिल या टकलावरच्या औषधाच्या तोडीचं ठरलं. एका चाचणीवर मी भिस्त ठेवणार नाही. तरी कांद्यापेक्षा तो पुरावा या दुखण्याच्या जवळचा आहे.

मिनॉक्सिडिल हीसुद्धा घरीच करायची गोष्ट आहे, हे आपण विसरतो. रक्तदाबाच्या या गोळीनं १९७० च्या दशकात रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ती टाळूला लावायचं औषध म्हणून मान्य झाली. ते कोरड्या टाळूवर लावायचं, केसांवर नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळवलेलं हळूहळू जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते वापरू नये. घरात मांजर असेल तर फार जपावं, मांजराला ते विषारी आहे. हे सगळं समजून भावानं सुरुवात केली, डॉक्टरांना दाखवून.

तेलाचा अतिरेकही टाळायला हवा. कोंडा ज्या यीस्टमुळे होतो ते तेलातल्या मेदाम्लांवर जगतं, म्हणून खवले धरलेल्या टाळूवर रात्रभर तेल मुरवलं की खाज वाढते. अशा वेळी तेल धुण्याआधी तास-दोन तास, तेही केसांच्या लांबीला लावावं. घट्ट अंबाडा आणि ताणून घातलेली वेणी कानशिलावरची मुळं उपटतात, दोन्ही सैल घालावीत.

आणि कधी कारण घरात नसतंच. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गमावू लागली, काहींचं डोकं दिवसांत रिकामं झालं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या गव्हाकडे आणि त्यातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे कुठलं तेल पुरं पडलं असतं?

म्हणून केस गळू लागले की आधी मागचे तीन महिने आठवा. गळलेल्या केसाचं टोक पाहा. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, तोच भांग पाडून फोटो काढा, कारण रोजच्या आरशात काही कळत नाही. रक्त तपासा, ताटात भर घाला, आणि त्यासोबत माक्याचं तेल जरूर लावा, ते लावण्यात सुख आहे. पण गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नसेल, लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा असेल, टाळू दुखत असेल, पू येत असेल किंवा केसांची भोकंच दिसू नयेत अशी गुळगुळीत, चकाकती जागा दिसत असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. व्रण धरलेल्या जागेवर केस पुन्हा उगवत नाही.