आईच्या वाट्याची गोळी

1994 साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. एचआयव्ही असलेल्या बाईला गरोदरपणात आणि कळांच्या वेळी झिडोव्हुडिन दिलं, जन्मानंतर सहा आठवडे बाळालाही दिलं, तर बाळाला होणारी लागण 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येत होती. तोवर बाळाची लागण टाळायला अशा बाईला देण्यासारखं डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं.

पण हा उपचार लांबलचक आणि महाग होता. म्हणून 1999 साली युगांडातून आलेल्या बातमीचं मोल मोठं. कळा सुरू होताच आईला नेविरापिनची एक गोळी आणि 72 तासांच्या आत बाळाला सिरपचा एकच डोस. भारतानेही पुढे हीच वाट धरली. अंगावर पिणाऱ्या बाळाला हे सिरप सहा आठवडे रोज द्यावं का, हे तपासणाऱ्या चाचणीत पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही होतं.

त्या एका गोळीने असंख्य बाळं वाचली. तरीही त्या काळातली एक गोष्ट मला फार खुपते. गोळी आईने गिळायची, पण ती तिच्यासाठी नव्हतीच. बाळंतपण झालं की औषध संपलं. शिवाय एकट्या नेविरापिनला विषाणू दाद देईनासा होई आणि पुढे तिच्यावर खरे उपचार करायची वेळ आली की तेच औषध अनेकदा कमी पडे. तिला उपचार द्यायचे की नाही, हे रक्तातल्या सीडी4 या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आकड्यावर ठरे. 2011 साली मलावीने हा आकडा बाजूला ठेवला आणि एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधं जन्मभरासाठी सुरू केली. 2014 पासून भारतभर तेच धोरण आलं.

मग 2018 साली डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची भीती पसरली. बोट्सवानामध्ये हे औषध चालू असताना दिवस राहिलेल्या 426 बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत जन्मजात दोष आढळला. अनेक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना जुन्याच गोळ्यांवर ठेवलं गेलं. बोट्सवानाने मात्र बाळंतपणं मोजणं थांबवलं नाही. नोंदी वाढत गेल्या तसं ते प्रमाण खाली आलं आणि पुढे इतर औषधांच्या तुलनेत फरक उरला नाही. आज गरोदरपणातही हेच औषध पहिल्या पसंतीचं आहे. भीतीपोटी गोळ्या मनाने बंद करणं आईलाही घातक, बाळालाही.

गोळ्या सुटतात त्या बहुधा बाळंतपणानंतर. आपल्याकडे मुलगी माहेरी जाते, औषधं देणारं एआरटी केंद्र बदलतं, डबी लपवावी लागते. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्याला सुरू होते आणि 18 महिन्यांनी पुरी होते. तेवढ्या काळात आईचीच औषधाची तारीख मागे पडते. म्हणून जाणत्या समुपदेशक सातव्या महिन्यातच विचारून ठेवतात: माहेर कुठलं, जवळचं एआरटी केंद्र कोणतं, गोळ्या किती दिवसांच्या हव्यात, घरात कुणाला ठाऊक आहे.